ओपनबीएसडी अपग्रेड

ओपनबीएसडी या युनिक्स वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची चालू स्थिर आवृत्ती काढून लगतची पुढची स्थिर आवृत्ती बसवणे, म्हणजे ओपनबीएसडी अपग्रेड. यात ‘लगतची’ हा शब्द सोडून चालत नाही. ७.६ वरून ७.८ वर थेट उडी मारता येत नाही, आधी ७.७, मग ७.८. हा क्रम पाळला आणि डिस्कच्या /यूएसआर विभागात (प्रणालीचे प्रोग्रॅम असतात त्या भागात) जागा असली, तर सगळे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकते. बिघडलेल्या अपग्रेडच्या मुळाशी बहुतेक वेळा या दोनांपैकी एक गोष्ट सापडते. (आज्ञांची व फाइलींची नावे या नोंदीत उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती रोमन लहान अक्षरांत टंकावीत.)

नेटबीएसडीतून फुटून १९९५ मध्ये थिओ द राट यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्याचे ठाणे कॅनडातील कॅलगरीत आहे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि आकडा ०.१ ने वाढतो: ७.७ एप्रिल २०२५ मध्ये आली, ७.८ ऑक्टोबर २०२५ मध्ये. सुरक्षेच्या दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात, म्हणजे प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य साधारण एक वर्षाचे. नागपुरात किंवा कुठेही ही प्रणाली घरच्या टेबलावर क्वचित दिसते. ती भेटते ती कार्यालयाच्या कोपऱ्यात, जुन्या डेस्कटॉपवर फायरवॉल किंवा राउटर म्हणून. असे यंत्र वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालते, आणि म्हणूनच त्याचे अपग्रेड राहून जाते.

क्रम का पाळायचा

पहिले कारण डिजिटल सहीचे. उतरवलेली (डाउनलोड केलेली) प्रत्येक फाइल ‘सिग्निफाय’ हे साधन तपासते. त्यासाठी लागणारी पुढच्या आवृत्तीची सार्वजनिक चावी (सही पडताळायची फाइल) आधीच्या आवृत्तीबरोबरच /ईटीसी/सिग्निफाय मध्ये आलेली असते. ७.७ च्या यंत्रात ७.८ ची चावी असते, ७.६ च्या यंत्रात नसते. विश्वासाची ही साखळी एकेका कडीनेच पुढे सरकते.

दुसरे कारण असे की, जुने बायनरी (यंत्रभाषेत आधीच तयार केलेले) प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत चालतील अशी हमी हा प्रकल्प देत नाही. २०१४ च्या ५.५ मध्ये वेळेचा आकडा ६४ बिटांचा झाला आणि आधीचे सगळे बायनरी एका झटक्यात निकामी ठरले. ७.५ मध्ये सिस्टीम कॉलचे, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे (प्रणालीच्या गाभ्याकडे) केलेल्या मागणीचे, नियम कडक झाले. स्वतः कंपाइल केलेले प्रोग्रॅम दर अपग्रेडनंतर पुन्हा कंपाइल करायचे, हे गृहीतच धरावे.

तिसरे कारण सेटिंगच्या फाइलींचे. २०१० मधील ४.७ ने पीएफ या फायरवॉलच्या नियमांची मांडणी बदलली. नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता बदलण्याचे नियम वेगळे लिहायची जुनी रीत गेली. प्रत्येक आवृत्तीच्या अपग्रेड मार्गदर्शिकेत असे बदल दिलेले असतात. मधली आवृत्ती गाळली की तिची मार्गदर्शिकाही वाचायची राहते.

आधीची तयारी

प्रथम ‘डीएफ -एच’ चालवून जागा पाहावी. /यूएसआर विभाग एकूण किमान १.१ जीबीचा असावा, असे मार्गदर्शिका सांगते. जुन्या, लहान डिस्कवर आपोआप पाडलेले विभाग इथेच कमी पडतात. जुन्या लायब्ररी अपग्रेडमध्ये पुसल्या जात नाहीत, कारण पॅकेजे नवी होईपर्यंत त्यांना त्या लागतात. शिवाय ६.२ पासून यंत्र सुरू होताना कर्नल दर वेळी नव्याने जोडला जातो, आणि त्याचे सुटे भाग /यूएसआर/शेअर/रीलिंक मध्ये असतात. चार-पाच अपग्रेड झालेल्या यंत्रात हा गाळ साचतो. फाइली उलगडत असताना विभाग भरला तर अर्धी प्रणाली जुनी, अर्धी नवी अशी अवस्था होते. गाळ शोधायला ‘सिसक्लीन’ हे पॅकेज आहे. ते फक्त यादी देते. यादी वाचून, समजून, मगच पुसावे. /होम मध्येही १ जीबी मोकळा असावा, कारण उतरवलेले संच (नव्या आवृत्तीच्या फाइलींचे गठ्ठे) /होम/_सिसअपग्रेड मध्ये येतात आणि ते अर्ध्या जीबीहून मोठे असतात.

/ईटीसी ची (सेटिंगच्या फाइलींची) प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर ‘पीजी_डंपऑल’ ने पूर्ण डंप काढावा. पॅकेज नवे झाले आणि मुख्य आकडा बदलला की जुन्या विदेवर नवा सर्व्हर सुरूच होत नाही, आणि तेव्हा डंप काढायला जुना सर्व्हर उरलेला नसतो.

घड्याळ पाहायला लोक विसरतात. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की यंत्राची तारीख मागे पडते. मिररशी (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरशी) जोडणी एचटीटीपीएसने होते, त्यामुळे प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ ठरते आणि डाउनलोड थांबते. माणूस नेटवर्क तपासत बसतो. ‘डेट’ टंकून पाहिले की दोन सेकंदांत उलगडा होतो.

प्रत्यक्ष अपग्रेड

६.६ येईपर्यंत (२०१९) हे काम बीएसडी.आरडी या छोट्या कर्नलने यंत्र सुरू करून, प्रश्नांना उत्तरे देत हाताने करावे लागे. आता रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) अधिकाराने ‘सिसअपग्रेड’ एवढेच टंकायचे. ते /ईटीसी/इन्स्टॉलयूआरएल मध्ये लिहिलेल्या मिररवरून संच उतरवते, सह्या तपासते, मूळ डिरेक्टरीत बीएसडी.अपग्रेड ठेवते आणि यंत्र रीबूट करते. बूटलोडर नेहमीच्या कर्नलऐवजी ही फाइल उचलतो, संच उलगडले जातात आणि पुन्हा रीबूट होतो. एसएसडीवर मधला खंड दहा-पंधरा मिनिटांचा. ‘-एन’ जोडल्यास फक्त डाउनलोड होते आणि रीबूट आपल्या सोयीने करता येतो. कार्यालयातल्या यंत्रासाठी हाच पर्याय चांगला: दुपारी उतरवून ठेवावे, सातनंतर रीबूट करावे.

डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली असेल तर दोन्ही रीबूटला पासफ्रेज (लांब पासवर्ड) मागितला जातो. अशा यंत्राचे अपग्रेड घरी बसून एसएसएचवरून (दूरून यंत्र चालवण्याच्या जोडणीवरून) सुरू करू नये. यंत्र पासफ्रेजसाठी थांबून राहील आणि कोणीतरी तिथे जाईपर्यंत कार्यालयाचे इंटरनेट बंद राहील.

यंत्र नव्या आवृत्तीत उठल्यावर फर्मवेअर आणि /ईटीसी मधल्या न बदललेल्या फाइली आपोआप नव्या होतात. त्याचा अहवाल रूटच्या मेलमध्ये येतो. आपण हाताने बदललेल्या फाइलींसाठी ‘सिसमर्ज’ चालवायचे असते, आणि संपूर्ण कामात डोके जागेवर ठेवण्याची जागा हीच. पडद्यावर जुन्या-नव्या ओळींचा फरक येतो आणि एका अक्षराचे उत्तर मागितले जाते: ‘आय’ म्हणजे नवी फाइल बसव, ‘डी’ म्हणजे नवी टाकून दे, ‘एम’ म्हणजे दोन्ही जुळव. घाईत सगळीकडे ‘आय’ दाबले तर पीएफ.कॉन्फ या फायरवॉलच्या फाइलीमधले आपले नियम जाऊन कोऱ्या प्रणालीचे नियम येतात. ‘एम’ घेतल्यास एकेक फरक डाव्या-उजव्या स्तंभांत दिसतो. ‘एल’ ने डावा, ‘आर’ ने उजवा निवडायचा. पाच मिनिटे जातात, पण आपण काय ठेवले ते नेमके कळते. चूक झालीच, तर बदललेल्या फाइलीची प्रत /वार/सिसमर्ज/बॅकअप्स मध्ये असते.

पुढे ‘पीकेजी_ॲड -यू’ ने पॅकेजे नवी करावीत आणि ‘सिसपॅच’ ने नंतर आलेल्या दुरुस्त्या घ्याव्यात. /यूएसआर/लोकल/शेअर/डॉक/पीकेजी-रीडमीज मधली आपल्या पॅकेजांची टिपणे वाचावीत. शेवटी मार्गदर्शिकेत ज्या फाइली पुसायला सांगितल्या आहेत त्या पुसाव्यात.

बिघाड आणि उपाय

मध्येच वीज गेली तर यंत्र अर्धवट उठते किंवा उठतच नाही. ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टीमला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नाही, त्यामुळे सुरू होताना ‘एफएससीके’ ही डिस्कची तपासणी चालते आणि ते अडले तर एकल वापरकर्त्याच्या प्रॉम्प्टवर ‘एफएससीके -वाय’ द्यावे लागते. त्यानंतर बूट प्रॉम्प्टवर ‘बीएसडी.आरडी’ टंकावे, ‘यू’ निवडावे आणि संच पुन्हा बसवावेत. अर्धवट अपग्रेडवर दुसरे अपग्रेड चालवण्यात धोका नाही.

अपग्रेडनंतर कार्यालयाचे इंटरनेट बंद, पण एसएसएच चालू, असे दिसले तर पीएफ.कॉन्फ मध्ये वाक्यरचनेची चूक आहे असे समजावे. बूट होताना प्रणाली आधी तात्पुरते कडक नियम लावते. आपली फाइल वाचता आली नाही तर तेच राहतात. ‘पीएफसीटीएल -एनएफ’ आणि पुढे फाइलीचे नाव दिले की चुकीच्या ओळीचा क्रमांक मिळतो.

मजकुराच्या कन्सोलवर देवनागरी नावांच्या फाइली नीट दिसत नाहीत. तो अपग्रेडमधला बिघाड नव्हे. त्या कन्सोलच्या टंकात देवनागरी नाहीच. एक्स विंडोमध्ये नोटो टंक बसवून त्याच फाइली व्यवस्थित वाचता येतात.

नागपुरातील वेळापत्रक

एप्रिलची आवृत्ती येते तेव्हा नागपुरात उन्हाळा भरात असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, संध्याकाळी वादळ सुटले की लाईन जाते, आणि कूलर सुरू होताना व्होल्टेज खाली येते. इतवारीतल्या पेढीत किंवा धरमपेठेतल्या दवाखान्यात फायरवॉलचे यंत्र आणि कूलर पुष्कळदा एकाच बोर्डावर असतात. कूलरच्या समोर ठेवलेल्या यंत्रात ओली हवा आणि धूळ मिळून पंख्यावर थर धरते, आणि कर्नल जोडताना प्रोसेसरवर ताण आला की यंत्र तापून बंद पडू शकते. अपग्रेडच्या आदल्या दिवशी पंखा व हीटसिंक ब्रशने साफ करावे आणि कूलरचे प्लग वेगळ्या बोर्डावर न्यावे.

साधारण ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असते. उष्णतेत तिचे आयुष्य झपाट्याने घटते. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी हिरवा दिवा दाखवूनही दोन मिनिटांत मान टाकते. म्हणून यंत्र चालू ठेवून भिंतीवरचा स्विच वीस मिनिटे बंद करून पाहावा, पण त्याआधी यंत्रावरचे काम थांबवावे. यूपीएस टिकला नाही तर सीताबर्डीवरून नवी बॅटरी आणून मगच अपग्रेडला हात घालावा.

शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळत असल्यामुळे एप्रिलमध्येच धावपळ करायची गरज नाही. एप्रिलची आवृत्ती जूनच्या अखेरीस, पाऊस स्थिरावल्यावर घ्यावी आणि ऑक्टोबरची दिवाळीच्या सुट्टीत, कार्यालय बंद असताना. तोवर ‘सिसपॅच’ नियमित चालवत राहावे. एखादे यंत्र दोन-तीन वर्षे मागे राहिलेच असेल, तर सगळ्या पायऱ्या एका रात्रीत चढण्यापेक्षा डिस्क बदलून नवी आवृत्ती कोरी बसवणे आणि पीएफ.कॉन्फ नव्या मांडणीत हाताने लिहिणे सोपे पडते. जुनी डिस्क महिनाभर कपाटात ठेवावी.