न थांबणारं एन्झाइम: सीएमएल नावाचा ब्लड कॅन्सर होतो कसा

ब्लड कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे अजूनही घरातल्यांचा धीरच सुटतो, आता काही खरं नाही असंच सगळे धरून चालतात. पण ब्लड कॅन्सरचे प्रकार खूप आहेत आणि त्यातल्या एकाचं मूळ कारण शोधत शोधत शास्त्रज्ञ अगदी एका एन्झाइमपर्यंत पोचले, ते एन्झाइम बंद करणारी गोळी निघाली, आणि आज कितीतरी लोक ती गोळी रोज जेवणाबरोबर घेऊन नोकरी-संसार सगळं व्यवस्थित करतायत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. हे नेमकं काय आहे ते नीट कळलं तर भीती बरीच कमी होते असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सीएमएल बऱ्याचदा अचानकच सापडतो. थकवा, थोडं वजन उतरणं, डाव्या बरगडीखाली जड वाटणं कारण पानथरी वाढलेली असते, दोन घास खाल्ले की पोट भरणं, एवढंच. कधी कधी तेही नाही, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सीबीसी केलं आणि ज्या पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार असायला पाहिजेत त्या लाख-दीड लाख निघाल्या. युरोप-अमेरिकेत हा आजार जास्त करून साठीच्या आसपास दिसतो, आपल्याकडे मात्र तिशी-चाळिशीतले पेशंट खूप, म्हणजे ज्यांच्यावर घर चालतं अशी माणसं.

आता हे एन्झाइम काय करतं ते बघू. ते टायरोसिन कायनेज नावाच्या गटातलं आहे. टायरोसिन हे प्रोटीनमधल्या २० अमिनो आम्लांपैकी एक. टायरोसिन कायनेज एटीपीकडून (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) एक फॉस्फेट घेतं आणि दुसऱ्या प्रोटीनमधल्या टायरोसिनला चिकटवतं, बस, त्याचं काम एवढंच. पण फॉस्फेट चिकटलं की त्या प्रोटीनचा आकार बदलतो, किंवा ती जागा ओळखणारं दुसरं प्रोटीन तिथे येऊन बसतं, ते तिसऱ्याला जागं करतं आणि असं करत करत पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जातो की आता वाढ, आता दोन हो. काम झालं की फॉस्फटेज नावाची एन्झाइम्स फॉस्फेट काढून टाकतात आणि सगळं शांत. माणसात ५०० च्या वर कायनेज आहेत, त्यात टायरोसिनवाले फक्त ९० च्या आसपास, पण पेशीच्या वाढीचा कारभार बराचसा यांच्याच हातात.

टायरोसिनवर फॉस्फेट बसतं हे १९७९ पर्यंत कुणाला माहीतच नव्हतं! कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांनी अमिनो आम्लं ठिपक्यांच्या रूपात वेगळी करायच्या एका प्रयोगात जुनाच बफर (पीएच, म्हणजे आम्लता, ठरावीक ठेवणारं द्रावण) वापरला, त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता, आणि तेवढ्या फरकामुळे फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनचा ठिपका थ्रिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या ठिपक्यापासून वेगळा दिसला. ताजा बफर असता तर दोन्ही एकावर एक पडले असते.

सीएमएलमधलं कायनेज म्हणजे एबल. नॉर्मल पेशीत हे बहुतेक वेळ बंद असतं, आणि ते बंद ठेवायची सोय त्याच्या स्वतःच्याच अंगात आहे. त्याच्या मुख्य रूपात सुरुवातीच्या टोकाला मेदाम्लाची एक छोटी शेपटी असते, ती वळून एन्झाइमच्याच एका खोबणीत जाऊन बसते, त्याने सगळी घडी आवळली जाते आणि एन्झाइम गप्प राहतं. एबलचा जीन ९ नंबरच्या क्रोमोसोमवर. बोन मॅरोमधल्या एका मूळ पेशीत कधीतरी ९ आणि २२ नंबरचे क्रोमोसोम तुटतात आणि चुकीच्या तुकड्याला जोडले जातात, आणि एबलचा जीन २२ वरच्या बीसीआर नावाच्या जीनला जाऊन चिकटतो. यात एबलचं सुरुवातीचं टोक, म्हणजे तीच शेपटी, कापली जाते. वर बीसीआरच्या तुकड्यात असा एक भाग असतो की ज्यामुळे ही जोड-प्रोटीनं चार-चारच्या गटात एकत्र येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चिकटवून एकमेकांना चालू करतात. गच्चीवरची टाकी भरली, पाणी वाहायला लागलं तरी मोटर बंदच होत नाही, तसं काहीसं. बाहेरून वाढीचा निरोप आलेला नसतो तरी आत रास, पीआय३ कायनेज, स्टॅट५ हे वाढीचा निरोप नेणारे सगळे रस्ते दिवसरात्र चालू. पेशी वाढत राहते, मरायची वेळ आली तरी मरत नाही, आणि मॅरोमध्ये धरून राहायचं सोडून रक्तात उतरते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, सुरुवातीच्या काळात या पेशी पिकतात, मोठ्या होतात, कामही करतात, फक्त संख्या भलतीच वाढते. म्हणून पेशंट काही वर्षं बरा दिसतो. पण उपचार नसतील तर साधारण ३ ते ५ वर्षांत त्या पेशींमध्ये आणखी बिघाड साचत जातात, पेशी पिकणंच थांबतं, आणि ब्लास्ट क्रायसिस येतो, म्हणजे ॲक्यूट ल्युकेमियासारखी अवस्था. पूर्वी बहुतेक पेशंट त्यातच दगावायचे.

हे सगळं उलगडायला किती जणांचे हात लागले! १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या पेशंट्सच्या पेशींत एक नेहमीपेक्षा बारीक क्रोमोसोम दिसला, त्याला पुढे फिलाडेल्फिया क्रोमोसोमच म्हणायला लागले. नोवेल यांनी पेशी नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या, त्याने पेशी फुगल्या, क्रोमोसोम पसरले आणि मोजता आले. मग शिकागोच्या जॅनेट रॉली, क्रोमोसोमचे फोटो कापून घरी डायनिंग टेबलवर मांडून जुळवायच्या, त्यांनी १९७३ मध्ये दाखवलं की २२ चा तुकडा हरवलेला नाही, ९ आणि २२ मध्ये अदलाबदल झालीय. एबल हे नाव आधी उंदरांना ल्युकेमिया देणाऱ्या एका व्हायरसमधून आलं होतं, १९८० च्या दशकात व्हायरसमधला हा जीन आणि क्रोमोसोमची अदलाबदल हे दोन्ही धागे एकत्र आले, आणि १९९० मध्ये उंदरांच्या मॅरोत फक्त बीसीआर-एबल घातलं तर त्यांना सीएमएलसारखा आजार होतो हे सिद्ध झालं. मला तर या प्रयोगाचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं, कारण त्यामुळे कळलं की हा जीन नुसता आजाराबरोबर सापडत नाही, तोच आजार घडवतो.

एकच कारण, तर एकच निशाणा. स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीत (पुढे नोव्हार्टिस) निक लिडन, युर्ग झिमरमन आणि अमेरिकेत ओरेगॉनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांच्या कामातून इमॅटिनिब तयार झालं. हे औषध एटीपी जिथे बसतं त्या जागेत शिरतं आणि एन्झाइमला बंद अवस्थेतच अडकवून ठेवतं. १९९८ मध्ये पहिली ट्रायल सुरू झाली, ज्या ५४ जणांना ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस मिळाला त्यातल्या ५३ जणांचं रक्त नॉर्मल झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

भारतात प्रश्न होता पैशांचा. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध ८-१० हजारांत. कंपनीच्या पेटंट अर्जाला विरोध करणाऱ्यांमध्ये मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) वर (माहीत असलेल्या औषधाचं नुसतं नवं रूप काढलं, गुण वाढला नाही, तर पेटंट नाही) बोट ठेवून अर्ज फेटाळला. हा निकाल लागला नसता तर आपल्याकडच्या किती घरांना ही गोळी परवडली असती याचा विचार करून बघा.

मग सगळेच ल्युकेमिया असे गोळीने का आटोक्यात येत नाहीत? ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियातल्या साधारण एक तृतीयांश पेशंट्समध्ये एफएलटी३ हे टायरोसिन कायनेज बिघडलेलं असतं, त्याच्यासाठी मिडोस्टॉरिनसारखी औषधं आहेत, पण ती केमोच्या जोडीने द्यावी लागतात, कारण तिथे पेशीत एकाच वेळी बरेच बिघाड असतात आणि एक कायनेज बंद करून भागत नाही. सीएमएल सुरुवातीच्या अवस्थेत जवळजवळ पूर्णपणे एकाच एन्झाइमवर जगतो, म्हणून तिथे एवढा फरक पडला.

सीएमएलमध्येही पेशी पळवाटा काढतातच. एबलमध्ये ३१५ नंबरच्या जागी थ्रिओनिन असतं, ते बदलून आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिबला आत बसायला जागाच राहत नाही. डॅसॅटिनिब, निलोटिनिब ही याच प्रकारची पुढची औषधंसुद्धा इथे चालत नाहीत, त्यासाठी पोनॅटिनिब काढावं लागलं. आणि अलीकडचं ॲसिमिनिब तर एटीपीच्या जागेकडे जातच नाही, एबलची ती हरवलेली शेपटी जिथे बसायची त्याच खोबणीत जाऊन बसतं आणि एन्झाइमला बंद करतं.

फक्त गोळीने बिघडलेला जीन जात नाही, तो मॅरोमधल्या मूळ पेशींत असतोच, नुसता दाबला जातो. रिपोर्ट चांगला आला म्हणून परस्पर गोळी बंद करणारे, किंवा डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात म्हणून अधूनमधून सोडणारे लोक असतात, कृपया असं करू नका, डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. बीसीआर-एबलची पीसीआर टेस्ट (हा बिघडलेला जीन रक्तात किती उरलाय ते मोजणारी) काही वर्षं सलग जवळजवळ शून्य आली तर डॉक्टरच औषध थांबवून बघतात, त्यातल्या साधारण निम्म्या लोकांना ते परत सुरू करावं लागत नाही. बाकीच्यांमध्ये आजार बहुतेक करून पहिल्या सहा महिन्यांतच परत डोकं वर काढतो, म्हणून त्या काळात दर महिन्याला टेस्ट करतात, आणि गोळी लगेच सुरू केली की तो जवळजवळ सगळ्यांमध्ये पुन्हा ताब्यात येतो.