‘कोरडा’ कोणाला म्हणायचं? पुरुषांमधल्या लघवी गळण्यामागचा इतिहास

पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढल्यानंतर वर्षभरात किती पुरुषांची लघवी गळायची थांबते? एका अहवालात दहापैकी नऊ असं उत्तर मिळतं, तर दुसऱ्यात दहापैकी जेमतेम दोन-तीन. दोन्ही अहवाल प्रामाणिक असू शकतात, कारण फरक बहुतेक वेळा शस्त्रक्रियेत नसून मोजण्याच्या पद्धतीत असतो. ही मोजण्याची पद्धत कशी ठरत गेली ते माहीत नसेल, तर रुग्णाला दिलेल्या कुठल्याच आकड्याचा नीट अर्थ लागत नाही.

तक्रार फार जुनी आहे. साडेतीन हजार वर्षांहून जुन्या एका इजिप्शियन पपायरसमध्ये मानेचा मणका निखळलेल्या माणसाचं वर्णन आहे: हातापायांची जाणीव गेलेली आणि नकळत गळणारी लघवी. सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचं वर्णन करताना कुठे कापू नये हे बजावलं आहे. त्यात मूत्रप्रसेकाला, म्हणजे मूत्रमार्गाच्या भागाला, इजा झाली तर लघवी सतत पाझरत राहते असं स्पष्ट म्हटलं आहे. शस्त्राने बरं करायला जाताना शस्त्रानेच गळती लावली, ही पुरुषांमधल्या या त्रासाची आजही सर्वांत ठळक कथा आहे.

अठराव्या शतकात युरोपात शिश्नावर लावायचे चिमटे आले. त्याच कल्पनेचा फोमचा चिमटा आजही वापरात आहे. तो वाईट नाही, पण दर एक-दोन तासांनी उघडून लघवी करायची आणि त्वचा पाहायची, ही अट पाळावीच लागते. झोपताना तो लावायचा नाही. त्या भागाची संवेदना कमी असेल किंवा विसरभोळेपणा असेल, तर तो द्यायचाच नाही, कारण घट्ट चिमट्याखाली रक्तपुरवठा तुटला तरी अशा माणसाला कळत नाही. कंडोमसारखी बसणारी बाहेरची नळी विसाव्या शतकात रुळली. तिच्यात बहुतेक बिघाड मापाचा असतो: सैल असेल तर निसटते, घट्ट असेल तर व्रण पडतो.

खरी उलथापालथ १९०४ पासूनची. त्या वर्षी कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली, तीही वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागातून. १९४० च्या दशकात ओटीपोटातून, जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या पुढच्या, खालच्या हाडाच्या) मागून जाण्याचा मार्ग आला. १९८० च्या दशकात नसा आणि रक्तवाहिन्या ओळखून वाचवण्याचं तंत्र आलं आणि २००० च्या सुमारास यंत्रमानवाच्या मदतीने होणारी शस्त्रक्रिया. प्रत्येक टप्प्यावर गळती कमी झाल्याचं सांगितलं गेलं आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं. पण त्याच काळात पीएसए या रक्तचाचणीमुळे कर्करोग लवकर सापडू लागला आणि शस्त्रक्रिया कितीतरी पटींनी वाढल्या. गळतीचं प्रमाण घटत असतानाच गळणाऱ्या पुरुषांची संख्या वाढली, आणि पूर्वी दुर्लक्षिलेला प्रश्न दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

गळती का लागते? मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप आवळणारा स्नायू असतो आणि त्याच्या खाली, ओटीपोटाच्या तळाशी, आपल्या ताब्यातला दुसरा. प्रोस्टेटबरोबर पहिल्याचं काम संपतं आणि सगळा भार दुसऱ्यावर पडतो. खोकताना, उठताना, गोल्फची काठी फिरवताना तो दाब एकट्याने झेलायचा. म्हणूनच सकाळी कोरडा असलेला माणूस संध्याकाळी गळतो: स्नायू थकतो. पहिल्या काही महिन्यांत दिसणारा हा फरक बिघाडाचा नसून सुधारणेच्या वाटेवरचा असतो, हे आधीच सांगितलं तर पुष्कळ धसका टळतो.

या दुसऱ्या स्नायूचे व्यायाम १९४० च्या दशकाच्या शेवटी बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी मांडले गेले. पुरुषांना ते फार उशिरा आणि उसन्या शब्दांत मिळाले. ‘वायू रोखल्यासारखं आवळा’ म्हटलं की गुदद्वाराचा स्नायू जास्त काम करतो. सोनोग्राफी वापरून केलेल्या अभ्यासात ‘शिश्न आत ओढून आखूड करा’ ही सूचना मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूला सर्वांत नेमकी हलवते असं दिसलं. ‘मूत्राशय वर उचला’ म्हटलं की पोटाचा दाब वाढून उलटा परिणाम होतो. सामान्यतः दिला जाणारा हिशोब असा: दहा सेकंदांपर्यंत धरून दहा वेळा, मग झटपट दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, नितंब आणि मांड्या ढिल्या ठेवायच्या. खोकण्याआधी किंवा खुर्चीतून उठण्याआधी क्षणभर आवळायची सवय लावायची. लघवी चालू असताना मधेच धार थांबवून सराव करू नये; स्नायू सापडला का हे पाहायला एखाददुसऱ्या वेळेपुरतं ठीक, पण सवय केली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आता ज्या वादापायी हे सगळं लिहायचं, तो वाद. १९७९ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे अनैच्छिक गळती ही तपासणीत सिद्ध करता येणारी आणि सामाजिक किंवा स्वच्छतेच्या दृष्टीने अडचणीची असायला हवी होती. २००२ मध्ये ती बदलली: ‘कोणतीही अनैच्छिक गळती झाल्याची तक्रार’ एवढं पुरे झालं. सिद्ध करण्याची अट गेली, त्रासाची अटही गेली. हा बदल रुग्णाच्या बाजूचा होता, कारण तपासणीच्या टेबलावर एक थेंबही न गळणारा माणूस घरी दिवसाला तीन पॅड भिजवत असू शकतो. पण शस्त्रक्रियेच्या अहवालांनी हा बदल पूर्णपणे मानला नाही. तिथे पॅडची मोजणी टिकली आणि तिच्यातही दोन पंथ पडले. एकाच्या मते शून्य पॅड म्हणजे कोरडा. दुसऱ्याच्या मते दिवसाला एक ‘खबरदारीचा’ पॅड वापरणाराही कोरडाच.

दुसऱ्या पंथाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. बरेच पुरुष दिवसभर न भिजणारा पॅड केवळ धास्तीने लावतात आणि त्यांना आजारी ठरवणं अन्यायाचं होईल. पण एक पॅड हे माप नव्हेच. पातळ पॅड थोड्याशा लघवीने भरतो, जाड पॅड कितीतरी पट जास्त शोषतो. एक जण दोन थेंबांवर पॅड बदलतो, दुसरा ओला पॅड रात्रीपर्यंत ओढतो. पहिल्याची नोंद तीन पॅडची, दुसऱ्याची एकाची, आणि गळती मात्र दुसऱ्याची जास्त. हा एक पॅड कोरडेपणात धरला की शस्त्रक्रिया करणाऱ्याचा आकडा चांगला दिसतो. तरीही ही व्याख्या दशकानुदशकं चालत राहिली, आणि तिची किंमत रुग्णाने मोजली: त्याला ‘तुम्ही कोरडे आहात’ असं सांगून पुढच्या उपचाराचं दार बंद केलं गेलं.

व्याख्येने निष्कर्ष किती फिरतो हे चाचण्यांतच दिसतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेल्या) चाचणीत तीन महिन्यांनी व्यायाम शिकवलेल्या गटातले ८८ टक्के पुरुष कोरडे होते, दुसऱ्या गटातले ५६ टक्के. २०११ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत एका वर्षाने दोन्ही गटांत फरक उरला नाही, आणि ‘थोडीसुद्धा गळती होते का’ असं विचारल्यावर सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांनी हो म्हटलं. यातून ‘व्यायाम निरुपयोगी’ असा अर्थ काढणारे काढतात. माझ्या मते तो घाईचा आहे. एक चाचणी लवकरची सुधारणा पाहते, दुसरी वर्षभरानंतरचा थेंब. शिवाय दुसऱ्या चाचणीत तुलनेच्या गटातल्या पुरुषांनाही व्यायामाची माहिती मिळण्याची वाट बंद नव्हती.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना याहून बोलकी आहे. मूत्रमार्गाला आधार देणारी जाळीची पट्टी आणि कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे मूत्रमार्ग आवळणारं शरीरात बसवलेलं उपकरण, यांची ती तुलना होती. कडक व्याख्येने, म्हणजे थोडीही गळती धरली तर, एका वर्षानंतर पट्टीच्या गटातले ८७ टक्के आणि स्फिंक्टरच्या गटातले ८४ टक्के पुरुष अजून गळतच होते. हाच आकडा मथळ्यात गेला तर दोन्ही उपचार फसले असं वाटेल. पण लक्षणांचा गुण (जितका जास्त तितका त्रास जास्त) पट्टीच्या गटात १६ वरून ९ च्या खाली आला आणि स्फिंक्टरच्या गटात १६ वरून साडेसातवर. बहुतेकांनी समाधान नोंदवलं. दिवसाला चार पॅड भिजवणारा माणूस आता शिंकताना थेंबभर गळतो. कडक व्याख्येत तो अजून रुग्णच, स्वतःच्या लेखी जवळपास बरा.

यावर सर्वांत सरळ उपाय वजनाचा आहे आणि तो घरी होतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यायचा. कोरडा पॅड तोलून वजन लिहायचं. नेहमीसारखं काम, चालणं, पाणी पिणं असलेला दिवस निवडायचा. पलंगावर झोपून काढलेल्या दिवसाचं वजन फसवं असतं. वापरलेला प्रत्येक पॅड लगेच झिपच्या पिशवीत बंद करायचा, उघडा राहिला तर ओल उडून आकडा खोटा येतो. चोवीस तासांनी सगळे तोलून कोरड्याचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. सर्रास वापरली जाणारी विभागणी अशी: २०० ग्रॅमपर्यंत सौम्य, २०० ते ४०० मध्यम, त्यापुढे तीव्र. पट्टी सौम्य-मध्यम गळतीला बरी चालते, तीव्र गळतीत कृत्रिम स्फिंक्टर. किरणोपचार झालेले असतील तर पट्टीचं यश घटतं.

हा कृत्रिम स्फिंक्टर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा बसवला गेला आणि १९८० च्या दशकात आजच्या रूपाला आला. मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेली कडी, पोटात दाब राखणारा फुगा, वृषणकोशात पंप. पंप दाबला की कडीतलं पाणी फुग्यात जातं, मार्ग उघडतो आणि काही मिनिटांत कडी आपोआप भरते. बसवल्यावर सुमारे सहा आठवडे, जखम भरेपर्यंत, ती न भरता उघडीच ठेवतात. उपकरण बसवण्याआधी मूत्राशयाच्या तोंडाशी व्रणाने मार्ग अरुंद झालेला नाही हे दुर्बिणीने पाहिलेलं असावं.

लघवीची अचानक, न आवरणारी घाई होऊन होणारी गळती वेगळी. तिच्या औषधांचा प्रवास १९७० च्या दशकातल्या ऑक्सिब्युटिनिनपासून २०१२ च्या मिराबेग्रॉनपर्यंत आणि मूत्राशयात टोचायच्या बोट्युलिनमपर्यंत झाला. पुरुषांत जुनी चूक अजून घडते: लघवी केल्यावर आत किती उरते हे न पाहता ऑक्सिब्युटिनिनसारखी, मूत्राशयाची आकुंचनं दाबणारी गोळी सुरू करणं. तुडुंब भरलेलं मूत्राशय थेंब थेंब सांडत असेल, तर ही गोळी लघवी पूर्ण अडवू शकते. उतारवयात अचानक रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं, तर हीच शंका आधी घ्यायची.

शस्त्रक्रियेसाठी किती थांबायचं यावर पूर्वी सरसकट वर्षभर असं उत्तर होतं. २०१९ च्या एका प्रमुख मार्गदर्शिकेने व्यायाम करूनही त्रासदायक गळती असेल, तर सहा महिन्यांनंतर पर्याय मांडायला मोकळीक दिली. वर्षानंतरही त्रास असेल तर तो मांडायलाच हवा, असं तिचं म्हणणं. आणि ज्याच्या अंगात कृत्रिम स्फिंक्टर आहे, त्याने कोणत्याही रुग्णालयात दाखल होताना ते आधी सांगायचं: कडी रिकामी करून, पंपावरच्या बटणाने ती उघडीच अडकवून न ठेवता कॅथेटर (लघवीची नळी) घातला, तर कडीखालचा मूत्रमार्ग झिजून फाटू शकतो आणि सगळं उपकरण काढावं लागू शकतं.