ट्रम्पेटचा माइक आणि गिटारचे पेडल

कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरून महाद्वार रोडकडे सरकणाऱ्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत बँडच्या ट्रम्पेटला जो घुमारा ऐकू येतो, तो बहुधा गाडीवरच्या मिक्सरमधल्या एकोचा असतो आणि तो गायकाला, क्लॅरिनेटला, ट्रम्पेटला सरसकट लागतो. आपल्या वाद्यापुरता वेगळा परिणाम हवा म्हणून एखादा वादक गिटारचे पेडल (पायाने दाबून आवाज बदलायचे छोटे उपकरण) आणतो, माइकची वायर त्यात जोडतो आणि स्वरापेक्षा खरखरच जास्त ऐकतो. माइक आणि पेडल यांच्यातल्या या बेबनावाचे मूळ साठ वर्षांपूर्वीचे आहे.

पाय हलवला की स्वर ‘वा-वा’ असा उघडमीट करणाऱ्या वा-वा पेडलचा आवाज खरे तर ट्रम्पेटकडूनच उसना घेतलेला आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेतले जाझवादक भोंग्यापुढे रबरी वाटी (तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तीच) उघडझाक करून वाद्याला बोलते करत असत. 1967 मध्ये व्हॉक्स कंपनीचे वा-वा पेडल बाजारात आले तेव्हा त्यावर क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाचेच नाव होते. मात्र ते उचलले गिटारवादकांनी, आणि पुढची पेडले गिटारच्या पिकअपचा (वाद्यावरच बसून कंपनाचा विजेचा संदेश करणाऱ्या भागाचा) हिशेब धरूनच घडत गेली. पिकअपचा संदेश काही शे मिलिव्होल्टचा असतो, तर डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणाऱ्या) माइकचा बराच क्षीण, सहसा काही मिलिव्होल्टचा. शिवाय माइकची जोडणी तीन पिनांची, संतुलित, म्हणजे वाटेतली खरखर दोन तारांत कापून टाकणारी. पेडलची साध्या जॅकची. कंडेन्सर माइकला लागणारे 48 व्होल्ट तर पेडल देतच नाही.

वाद्यनिर्मात्यांनी आधी माइकलाच बगल दिली. सेल्मर कंपनीने 1965 मध्ये सॅक्सोफोनसाठी व्हॅरिटोन आणले, ज्यात वाद्यालाच पिकअप बसवून खालचा सप्तक, एको असे परिणाम मिळत. अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस 1970 पासून ट्रम्पेटला पिकअप लावून वा-वा वाजवू लागले. असा पिकअप ढोलताशांचा गलका फारसा उचलत नाही, हा त्याचा मोठा गुण; पण तो मुखाजवळचा नाद पकडतो, भोंग्यातून बाहेर पडणारा मोकळा, भरदार स्वर त्यात येत नाही. माझ्या मते वादक पुन्हा भोंग्यावर चिमट्याने बसणाऱ्या माइककडे वळले ते याच कारणाने.

त्यामुळे माइक आणि पेडल यांच्या मधल्या डबीची गरज उरलीच. आधी माइक प्रीअँपमध्ये जातो, तिथे संदेश वाढवून पेडलला पेलेल इतका केला जातो, आणि पेडलमधून निघालेला संदेश डीआय बॉक्समधून पुन्हा संतुलित होऊन मिक्सरकडे येतो. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (बाहेरच्या उपकरणाकडे संदेश पाठवायच्या जादा वाटेतून) पेडलला संदेश द्यायचा, तर उलट तो कमी करावा लागतो, कारण तो एक व्होल्टच्या आसपास असू शकतो. बँडच्या गाडीवर एक अडचण आणखी येते: कर्णे वादकाच्या जवळच असतात, आणि पेडलने आवाज जितका फुगवावा तितका कर्ण्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी लवकर बसते.