पोर्ट लुई उरलेल्या वेळात उरकू नका

मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, आम्ही पाहुण्यांना खाण्याची आणि इतिहासाची फेरी घडवतो. बुकिंगचा पहिला मेसेज बहुतेक वेळा असाच येतो: "परतीचं विमान रात्री आहे, शेवटच्या दिवशी दुपारी तीन-चार तास मोकळे आहेत, तेवढ्यात पोर्ट लुई होईल ना?" होणार नाही. का होणार नाही ते दर वेळी फोनवर समजावण्यापेक्षा छापून ठेवलेलं बरं, म्हणून हे पत्रक. पाच-सात मिनिटांचं वाचन आहे. तारीख ठरवण्याआधी वाचलंत तर तुमचेही पैसे वाचतील आणि आमचाही वेळ.

मॉरिशसला येणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. एक दिवस दक्षिणेकडची शामारेलची रंगीत माती आणि गंगा तलाव, एक दिवस उत्तर, एक दिवस बोटीतून इल ओ सर्फ. पोर्ट लुई येतं ते यातल्या एखाद्या दिवसाच्या शेपटाला, "शॉपिंग" या नावाखाली. गाडी कॉडन वॉटरफ्रंटला थांबते, छत्र्यांच्या गल्लीत फोटो होतात, कॉफी होते, गाडी निघते. घरी गेल्यावर सांगायचं, "राजधानी बघितली, खास काही नाही."

कॉडन वाईट नाही. १९९६ साली उघडलेला तो बंदरावरचा बाजार आहे, सावली आहे, स्वच्छतागृहं आहेत. पण जुनं शहर मोटरवेच्या पलीकडे आहे. रस्त्याखालच्या भुयारी वाटेने चालत गेलं की दहा मिनिटांत आपण दुसऱ्याच जगात असतो. आम्ही विकतो ते हे पलीकडचं जग, आणि ते दुपारनंतर मिळत नाही.

पोर्ट लुई हे कामाचं शहर आहे. सकाळी रोझ हिल, क्वात्र बोर्न, क्युरपिपहून माणसं इथे कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. चार वाजल्यापासून शटरं खाली यायला लागतात, पाचनंतर फुटपाथवर तुम्ही आणि बसची रांग. शनिवारी हाच प्रकार दुपारीच होतो. रविवारी जुन्या भागात सगळं इतकं सामसूम असतं की हिंडणाऱ्याला आपण सुटीच्या दिवशी कचेरीत आलोय असं वाटावं. म्हणून रविवारी आम्ही फेरी ठेवत नाही. "आम्ही जादा पैसे देतो" म्हणणारेही भेटतात. पैसे घेऊन बंद दारं दाखवायची, हे आम्हाला जमत नाही.

सार्वजनिक सुट्या वेगळ्याच. इथे महाशिवरात्र, काव्हडी, उगादी, ईद, चिनी नववर्ष, दिवाळी, नाताळ या सगळ्यांना सुटी असते, आणि गणेश चतुर्थीलाही. गणपतीत येणाऱ्या आपल्या मंडळींचा तिथे हमखास घोळ होतो. इथल्या मराठी घरांतला गणपती बघायला जरूर या, पण शहराच्या फेरीसाठी दुसरा दिवस काढा. तारीख पाठवलीत की सुटी आहे का ते आम्हीच तपासून सांगतो.

आमची फेरी सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊला सुरू होते आणि दीडच्या सुमारास संपते. त्याआधी ठेवत नाही, कारण सातपासून नवापर्यंत शहरात शिरणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. फ्लिक-आँ-फ्लाक किंवा ग्राँ बेच्या किनाऱ्यावरून शहरात यायला गर्दी नसताना पाऊण तास पुरतो, बेल मारकडून तासभर धरा. त्याहून उशिरा ठेवत नाही, कारण डाळपुरीवाल्याच्या टोपलीचा तळ दिसायला लागतो.

आता नाश्त्याबद्दल. आमच्या सगळ्यात मोठ्या डोकेदुखीचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

हॉटेलचं पॅकेज हाफ बोर्डचं असतं, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण पैशांत धरलेलं. पैसे भरलेत म्हणून माणूस सकाळी ऑम्लेट, पॅनकेक, क्रोसाँ, फळं, दही असं सगळं वसूल करतो. मग साडेनऊला आमच्यासमोर उभा राहतो तो पोटावर हात ठेवून. खाण्याच्या फेरीचे पैसे भरलेला माणूस पहिल्या टपरीवर "आत्ता नको, नंतर बघू" म्हणतो, दुसऱ्या टपरीवर बायकोच्या पुडीतला एक घास घेतो, आणि साडेबाराला जेव्हा खरी भूक लागते तेव्हा आमच्या अर्ध्या टपऱ्या मागे पडलेल्या असतात. मग सगळा गट उलटा फिरवा, परत त्याच गल्लीत चला, तोवर तिथली डाळपुरी संपलेली. एका भरलेल्या पोटापायी सहा जणांचा तास जातो. म्हणून नम्र विनंती नव्हे, अट: त्या दिवशी हॉटेलात चहा-कॉफी आणि फार तर एखादं फळ. औषधं घ्यावी लागणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी अर्थातच नीट खाऊन यावं.

डाळपुरी म्हणजे काय ते एकदा सांगतो, म्हणजे अट जाचक वाटणार नाही. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, कोरडी वाटून, हळद-जिरं घालून पातळ पोळीत भरतात. गूळ न घातलेली पुरणपोळी समजा, पण इतकी पातळ आणि मऊ की घडी घातली तरी तुटत नाही. ती नेहमी जोडीने मिळते. टपरीवाला टोपलीतल्या फडक्याखालून दोन पुऱ्या उचलतो, एकावर एक पसरतो, त्यावर डबल बीचा रस्सा, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी असं पळीपळीने फासतो आणि मिरचीच्या ठेच्याच्या डब्यावर चमचा धरून तुमच्याकडे बघतो. तिथे "तिगित" म्हणायचं, म्हणजे थोडं. कोल्हापूरकरांनीही पहिल्या खेपेला तिगितच म्हणावं. मग कागदात गुंडाळी करून हातात. उभ्याने खायची, रस्सा कोपरापर्यंत ओघळतो, पांढरा शर्ट घालून येऊ नका.

शाकाहाराबद्दल प्रत्येक जण विचारतो. डाळपुरी आणि तिच्यासोबतचा नेहमीचा रस्सा शाकाहारी असतो. गातो पिमाँ, म्हणजे भिजवलेली डाळ भरड वाटून हिरवी मिरची, कांद्याची पात घालून तळलेले गोळे, तेही. इथली माणसं ते लोणी लावलेल्या पावात घालून सकाळी खातात. फराटा, म्हणजे आपल्या पराठ्यासारखी पोळी, शाकाहारी, पण त्यात भरायला मटण-चिकनही ठेवलेलं असतं, म्हणून पळी कुठल्या भांड्यातली ते बघायचं. फसगत होते ती चायनाटाऊनमध्ये. चायोटी या फळभाजीचे वाफवलेले हिरवट पारदर्शक गोळे दिसायला अगदी निरुपद्रवी असतात, पण त्यात बहुधा कोळंबी किंवा चिकन असतं आणि वरचा रस्साही तसाच. नूडल्समध्येही सॉस कसला आहे ते विचारावं लागतं. आम्ही आधी विचारतो आणि मगच तुमच्या हातात देतो. मांसाहारी पाहुण्यांनी बिर्याणी घेताना चिकन की बीफ ते सांगून घ्यावं, इथे दोन्ही सर्रास मिळतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र खरं सांगतो: तुमच्यासाठी या गल्ल्यांत फार थोडं आहे. तुम्ही फक्त इतिहासाची फेरी घ्या, ती स्वस्तही आहे.

सेंट्रल मार्केटच्या लोखंडी दारावर अजून व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आहेत. आत भाजीच्या ढिगांमध्ये दोडकी, कारली, शेवग्याच्या शेंगा बघून आपल्या बायका थबकतात, तेवढा वेळ आम्ही धरलेला असतो. काढ्याच्या वाळक्या पाल्यांचा स्टॉल प्रत्येक आजारावर काहीतरी सांगतो. ऐका, हसा, घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आलुदा मात्र घ्याच: थंड दूध, सब्जा, चायना ग्रासच्या पट्ट्या. आपल्या फालुद्याचाच हा समुद्रापार गेलेला भाऊबंद. वरच्या मजल्यावर आठवणवस्तू मिळतात आणि तिथे घासाघीस चालते, खाली टपरीवर नाही. पंचवीस मॉरिशस रुपयांची नोट असते आणि ती खाण्याच्या फेरीत सोन्यासारखी. दोन हजाराची नोट डाळपुरीवाल्यापुढे धरलीत तर तो तुमच्यामागच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागतो. २०२४ पासून आपलं यूपीआय मॉरिशसमध्ये सुरू झालंय, पण ते दुकानांत. टपरीवर सुटेच लागतात. प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, कापडी पिशवी आणा.

इतिहास आम्ही थोडक्यात सांगतो, पाठ्यपुस्तक वाचून दाखवत नाही. डच १७१० साली बेट सोडून गेले, फ्रेंच १७१५ साली आले, आणि १७३५ पासून माहे द ला बुर्दोने या गव्हर्नरने हे बंदर उभं केलं. ताडाच्या रांगा असलेल्या प्लास दार्म या चौकाच्या तोंडाशी त्याचाच पुतळा आहे. १८१० साली इंग्रज आले, १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. नाट्यगृह १८२२ सालचं, ते बाहेरूनच दाखवतो. शाँ द मार्सचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान १८१२ सालचं, दक्षिण गोलार्धातलं सर्वांत जुनं. टेकडीवरचा किल्ला १८३४ ते १८४० मध्ये बांधला, वरून बंदर आणि डोंगर एका नजरेत येतात, पण चढ आहे आणि ऊन आहे. गुडघेदुखीवाल्यांनी खाली थांबावं, सोबत आमचा माणूस थांबतो. जुम्मा मशिदीत शुक्रवारी नेत नाही, इतर दिवशी गुडघे-खांदे झाकलेले हवेत.

ब्लू पेनी म्युझियममधली १८४७ सालची दोन टपाल तिकिटं बघायला नेमक्या वेळी जावं लागतं. रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर तासातून दहाएक मिनिटंच दिवा लावतात, बाकी वेळ नकला. स्वतःहून जाणारे बरेच जण नकलांचे फोटो काढून परततात. आमची फेरी त्या मिनिटांभोवती बांधलेली आहे, त्यामुळे "पाच मिनिटं थांबा, मी चप्पल बघून येते" हे तिथे चालत नाही.

वेळ हातचा राखून ठेवतो तो आप्रवासी घाटासाठी. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस भारतीय मजूर इथे आले. पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं करारावर आणली गेली, आणि १८४९ साली बांधलेल्या या तळावर त्यांची नोंद होऊन दोनेक दिवसांत त्यांना उसाच्या मळ्यांवर पाठवलं जाई. बिहार आणि मद्रासकडची माणसं जास्त, पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली. आज उरलंय ते थोडं: काळ्या दगडाचे चौथरे, रुग्णालयाच्या खोल्या, आणि बंदराकडून वर येणाऱ्या झिजलेल्या पायऱ्या. २००६ साली हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. प्रवेश फुकट आहे, मग गाइड कशाला, असं काही जण विचारतात. चौथरे दहा मिनिटांत बघून होतात, हे खरं. कुठल्या चौथऱ्यावर काय चालायचं ते सांगायला आमचा माणूस पाऊण तास घेतो, आणि अजून कुणी तिथून लवकर निघूया म्हटलेलं नाही. घाट रविवारी आणि सुटीला बंद, शनिवारी दुपारीच मिटतो.

आमच्या दरात आलुद्यासकट सगळं खाणं, म्युझियमचं तिकीट आणि पाणी येतं. हॉटेलहून गाडी येत नाही. गाडी धरली की दर दुप्पट होतो आणि ड्रायव्हर खोळंबतो. क्युरपिप-क्वात्र बोर्नकडून मेट्रो थेट शहरात येते, घाटाच्या नावाचं स्टेशनच आहे. एका गटात आठ जणांपेक्षा जास्त घेत नाही, टपरीसमोर त्याहून मोठी रांग लावली तर तिथल्या रोजच्या गिऱ्हाइकांचा खोळंबा होतो आणि पुढच्या वेळी टपरीवाला आम्हाला ओळख देत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल शहर तापतं, टोपी आणा. याच काळात चक्रीवादळाचे इशारे लागतात, एक ते चार श्रेणींचे. दुसरा इशारा लागला की फेरी रद्द आणि पैसे पूर्ण परत, तिथे वाद घालत नाही. तुम्ही उशिरा उठलात म्हणून रद्द झाली तर मात्र परत नाही.

शेवटचा दिवसच मोकळा असेल आणि विमान रात्रीचं असेल, तर सामान हॉटेलात ठेवून सकाळी या. विमानतळ बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, तासभर लागतो. दीडला सोडलं की हॉटेलवर जाऊन आंघोळ करूनही वेळेत पोचता.

बुकिंगच्या मेसेजमध्ये हॉटेलचं नाव, माणसं किती, मुलांची वयं आणि खाण्याचं पथ्य लिहा. उपास असेल तर तेही लिहा. चतुर्थीला येऊन डाळपुरीसमोर उभं राहिल्यावर आठवतं, असं फार होतं. आधी कळलं तर त्या दिवशी चिंच-मिरची-मीठ लावलेला अननस, उकडलेले शेंगदाणे आणि आलुदा यांवर आम्ही फेरी बेतून देतो, आणि खाण्याचे पैसे निम्मेच घेतो.