केवढे हे क्रौर्य! (वृत्त आणि रचना)

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांची, पिलांसाठी शेवटचा घास घेऊन परतणाऱ्या जखमी पक्षिणीवरची कविता. कवी मूळचे कोकणातले; जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वृत्त पृथ्वी: ज, स, ज, स, य हे गण (तीन-तीन अक्षरांचे ठरलेले गट), शेवटी लघु-गुरू (आखूड-लांब उच्चाराची अक्षरे), चरणात १७ अक्षरे, यती (थांबा) आठव्यावर. ‘जसौ जसयला वसुग्रहयतिश्च पृथ्वी गुरुः’ हे संस्कृत लक्षण (वृत्ताची व्याख्या) पृथ्वीतच बांधलेले आहे. त्यात वसु म्हणजे ८, ग्रह म्हणजे ९; यतीने चरणाचे असे दोन भाग पडतात.

पहिला चरण असा: ‘क्षणोक्षणी पडे उठे परि बळे उडे बापडी’. गण पाडायला बसले की चौथे अक्षर अडते. तिथे लघु हवा, म्हणून ‘णी’ दीर्घ छापलेली असली तरी म्हणताना ‘क्षणोक्षणि’ असेच म्हणावे लागते. ओवी किंवा फुगडीचे गाणे म्हणताना अक्षर ताणून चाल सांभाळता येते. अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तात, ती सवलत नाही.

यती ‘उठे’वर पडतो आणि पक्षिणीही तिथेच क्षणभर थांबते. पुढे ‘परि ब’ हे तीन लघु लागोपाठ येतात. ती पंखांची धडपड वाटते. मग ‘बापडी’च्या जड अक्षरांवर चरण खाली बसतो. तीन लघूंचा हा झपाटा प्रत्येक चरणात दोनदा येतो. तिसऱ्या चरणातले ‘घळघळा गळे’ वाचताना तो कानाला सर्वांत जास्त जाणवतो.

यमक दोन-दोन चरणांचे. ‘बापडी–झापडी’ पक्के आहे, ‘कोमलांगातुनी–पक्षिणी’ मात्र सैल. तरी ‘पक्षिणी’ शब्दाची जागा फार नेमकी: सबंध कडव्यात कर्ता अडवून ठेवला आहे, तो अगदी शेवटच्या शब्दाला कळतो. पुढे ‘भरविते तुम्हां’मध्ये ‘म्ह’ हे जोडाक्षर असूनही (त्यामागचे अक्षर एरवी गुरू धरतात) मागचा ‘तु’ लघुच राहतो, कारण मराठी उच्चारात तिथे आघात येत नाही. नवशिके इथे हमखास चुकतात.

पक्ष्याची जात कवीने सांगितलेली नाही. घर ‘कोटरा’त, म्हणजे झाडाच्या ढोलीत आहे. कोकणात ढोली म्हटले की धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी आठवतो, पण तो इथे बसत नाही: त्याची मादी अंडी उबवताना ढोलीचे तोंड लिंपून आतच कोंडून घेते आणि चारा नर आणतो. इथे शेवटचा घास आईच घेऊन येते.