पर्यटक व्हिसा : कोल्हापुरातून करावयाचा अर्ज

सहलीसाठी किंवा नातलगांना भेटण्यासाठी, ठरावीक दिवस, कामधंदा न करता आपल्या देशात राहण्याची परवानगी परदेशी सरकार देते, तिला पर्यटक व्हिसा म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाहिलेला’, म्हणजे तपासून झालेला कागद. ‘प्रवेशपरवाना’ हा मराठी शब्द कोशात सापडतो. कोल्हापुरात मात्र ‘फाईल लावली’, ‘तारीख मिळाली’, ‘व्हिसा लागला’ असेच बोलतात.

कोल्हापूरकराचे विलायतेशी नाते व्हिसाच्या आजच्या पद्धतीहून जुने आहे. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे ऐन तारुण्यात निवर्तले. अर्नो नदीच्या काठी, कॅशिने उद्यानात, त्यांची स्मारक-छत्री आजही उभी आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही पदवी दिली. इटलीचा बेत आखताना फ्लॉरेन्सचा एक दिवस राखून ती छत्री पाहिलीच पाहिजे.

जिल्ह्यात कोणत्याही देशाची वकिलात नाही. पासपोर्टसाठी कोल्हापूर पुणे विभागीय कार्यालयाखाली येते. पोस्टातील पासपोर्ट केंद्रांची योजना २०१७ मध्ये आली आणि पुण्याचा एक हेलपाटा वाचला. व्हिसासाठी पुणे किंवा मुंबई गाठावीच लागते. बहुतेक युरोपीय देशांच्या फाईली व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी स्वीकारते. ती फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेते. निर्णय वकिलातीचा असतो. अमेरिकेसाठी डीएस-१६० अर्ज भरून मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावी लागते. नेपाळ आणि भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही. आग्नेय आशियातील काही देश विमानतळावर किंवा ऑनलाइन व्हिसा देतात. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे.

युरोपातील २९ देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत अर्ज घेतात. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत आणखी तीन महिने तरी हवी आणि त्यात दोन कोरी पाने हवीत.

खरी मेहनत पैसा कागदावर दाखवण्यात आहे, आणि या भागातील माणूस नेमका तिथेच अडतो. अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटवायच्या असतात : खर्च झेपेल आणि माणूस परत येईल. नोकरदाराकडे पगाराच्या स्लिपा, रजेचे पत्र आणि आयकर विवरणपत्र असते. ऊसकऱ्याचे तसे नसते. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, म्हणून अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. सातबारा आजोबांच्या किंवा चार भावांच्या सामाईक नावावर असतो. उसाचे बिल हंगामात एकरकमी खात्यावर पडते, दुधाचे पैसे दर दहा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे येतात, बाकीची शिल्लक गावच्या पतसंस्थेत. वकिलातीत बसलेल्याला त्या खात्यात एवढेच दिसते की सहा महिने शांत असलेल्या खात्यावर अचानक चार-पाच लाख आले. रक्कम कुणाकडून तरी उसनी घेऊन ठेवली, असा संशय त्याला येणे साहजिक आहे.

उपाय आहे आणि तो सरळ आहे. कारखान्याच्या बिलाची पावती त्या नोंदीशी जोडावी. सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा) आणि दूध संस्थेचा उतारा इंग्रजी भाषांतरासह लावावा. शेती उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवत विवरणपत्र दरवर्षी भरत जावे. सहल मनात आली त्याच वर्षी भरले तर तेही डोळ्यावर येते. बँकेचा उतारा सही-शिक्क्यानिशी घ्यावा. सोबत एका पानाचे पत्र द्यावे : शेत किती, ऊस कोणत्या कारखान्याला जातो, आपण नसताना गोठा कोण पाहणार. खोटा कागद मात्र कधीच लावू नये. ‘पंधरा दिवस पैसे फिरवून देतो’ म्हणणारा एजंट फाईल बिघडवतो. ब्रिटनमध्ये फसवणूक उघड झाली तर दहा वर्षे बंदी येऊ शकते, अमेरिकेत दार कायमचे बंद होऊ शकते.

नावाची भानगड वेगळीच. पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव, बँकेत माहेरचे आणि सातबाऱ्यावर आडनावच नाही, असे सर्रास आढळते. अर्जात पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे लिहावे आणि फरकासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे.

फोटो शेंगेनसाठी ३५ × ४५ मिलिमीटरचा, अमेरिकेसाठी दोन इंची चौकोनी. चष्मा अमेरिकेने १ नोव्हेंबर २०१६ पासून बंद केला आहे. जन्मभर पांढरी टोपी घातलेले आजोबा स्टुडिओत ती काढून मांडीवर ठेवतात आणि हाताने केस सारखे करतात; तो क्षण घरच्यांनी समजून घ्यावा, घाई करू नये. ठसे देतानाही असेच होते. ऊसतोडीत, फौंड्रीत किंवा भांड्यांवर झिजलेली बोटे यंत्राला वाचता येत नाहीत. कर्मचारी बोट पुसायला सांगतात, पुन्हा दाबायला लावतात. चार दिवस आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावून कातडी मऊ ठेवावी, ठशाच्या दिवशी मात्र हात कोरडे असावेत. शेंगेनसाठी एकदा घेतलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, आणि बारा वर्षांखालील मुलांना ते द्यावे लागत नाहीत.

नकार आला तर शेंगेनचे देश कारण छापील फॉर्मवर खूण करून कळवतात. अमेरिकेत बहुधा कलम २१४(ब) सांगतात, म्हणजे अर्जदार परत येईल अशी खात्री पटली नाही. जुना नकार पुढच्या अर्जात लपवू नये. तिथे तो विचारतातच.

पासपोर्ट कुरिअरने घरी येतो. पाकीट उघडताच नावाचे स्पेलिंग, प्रवेश एकदाच की अनेकदा, आणि तारखा तपासाव्यात. मुदत आणि मुक्काम वेगळे असतात : पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर तीन महिन्यांची मुदत असली तरी ‘दिवस’ या रकान्यात २० असेल, तर एकविसाव्या दिवशी तिथे राहणे बेकायदा ठरते.