स्वेदनगृह (घरगुती सॉना)

अंगाला घाम आणण्यासाठी कोरड्या उष्णतेने तापवलेली, आतून बहुधा लाकडी अस्तराची लहान खोली. 'सॉना' हा शब्द फिनिश भाषेतला; तिथला उच्चार 'साउना' असा आहे. मराठीत त्याला सर्रास 'बाष्पस्नान' म्हणतात, पण तो शब्द इथे नेमका बसत नाही. बाष्पस्नानाच्या खोलीत तापमान ४० ते ५० अंश सेल्सिअस असते आणि हवा वाफेने भरलेली असते. सॉनात तापमान ८० ते १०० अंशांपर्यंत जाते, आर्द्रता मात्र १० ते २० टक्क्यांच्या आसपासच राहते. हमामात फरशी व भिंती तापतात आणि पाणी वाहते असते. तो प्रकार तिसराच. अवरक्त किरणांच्या पेट्या 'सॉना' या नावानेच विकल्या जातात. त्यांत हवा ४५ ते ६० अंशांपर्यंतच तापते, त्यामुळे खऱ्या सॉनावर झालेल्या पाहण्यांचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

व्युत्पत्ती व प्राचीनता : फिनिश शब्दाच्या मुळाविषयी एकमत नाही. सामी भाषेत बर्फात उकरलेल्या खळग्याला जवळचा शब्द आहे. त्यावरून आद्य सॉना म्हणजे जमिनीत अर्धवट पुरलेली, वरून झाकलेली खोपी असावी, असे मानण्याकडे बऱ्याच अभ्यासकांचा कल आहे. तापल्या दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेला फिनिशमध्ये 'लोयली' म्हणतात. हंगेरियन भाषेतला याच कुळातला शब्द 'आत्मा' या अर्थी चालतो.

भारतीय बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय हा स्वेदाध्याय. त्यात अग्नीच्या साहाय्याने करायचे तेरा स्वेद, म्हणजे घाम आणण्याचे उपचार, सांगितले आहेत : संकर, प्रस्तर, नाडी, परिषेक, अवगाहन, जेन्ताक, अश्मघन, कर्षू, कुटी, भू, कुंभी, कूप आणि होलाक. सुश्रुताने हाच विषय ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव अशा चार वर्गांत आटोपला आहे. चरकाच्या तेरांपैकी जेन्ताकाचे वर्णन सर्वांत विस्तृत आहे. जलाशयाच्या दक्षिण किंवा पश्चिम काठावर, पाण्यापासून सात-आठ अरत्नी अंतरावर, पूर्वेला वा उत्तरेला तोंड करून एक वाटोळे कूटागार बांधावे. त्याची उंची व रुंदी सोळा अरत्नींपर्यंत असावी. (अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर, सोळा अरत्नी सुमारे सात मीटर भरतात.) ते मातीने लिंपलेले असावे आणि त्याला पुष्कळ झरोके ठेवावेत. आत भिंतीच्या कडेने दारापर्यंत एक अरत्नी रुंद व तेवढीच उंच 'पिंडिका', म्हणजे ओटा असावा. मधोमध भट्टीच्या आकाराचा, बारीक छिद्रांचा, झाकण असलेला मातीचा अंगारस्तंभ उभारावा. त्यात खैर किंवा अश्वकर्ण यांची लाकडे भरून पेटवावीत. लाकडे पुरती जळून धूर निघून गेला, की अंगाला वातहर तेल लावलेल्या आणि वस्त्र पांघरलेल्या रुग्णाला आत सोडावे. घेरी येऊ लागली तरी पिंडिका सोडू नकोस, असे त्याला आधीच बजावून ठेवावे. कारण ओट्यावरून घसरलेल्याला दार सापडणार नाही आणि तो जागीच प्राण गमावेल. आग लागल्यावर धुरात भिंत धरून चालायला शिकवतात, त्यातली ही जात आहे. प्रत्यक्ष खोली वापरलेल्या माणसाखेरीज असा तपशील कोणी लिहील, असे वाटत नाही.

या अध्यायाचा काळ नक्की सांगता येत नाही. संहितेची घडण साधारणपणे इ. स. पू. शेवटच्या शतकांपासून इ. स. दुसऱ्या शतकापर्यंत धरली जाते. दृढबल या नंतरच्या संस्कर्त्याने पुढे भर घातली ती चिकित्सा, कल्प आणि सिद्धी या स्थानांत. सूत्रस्थान त्याच्या आधीचे असल्याने जेन्ताकाचे वर्णन जुन्या थरातले मानणे सयुक्तिक ठरते.

पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, 'जन्ताघर' हे तापवलेले स्नानगृह येते. वैशालीत भिक्षूंना पक्वान्ने मिळू लागली, त्यांची शरीरे जड झाली आणि ते आजारी पडू लागले. तेव्हा जीवक वैद्याने बुद्धाला दोन गोष्टींची परवानगी मागितली : चंक्रमण, म्हणजे येरझारा घालणे, आणि जन्ताघर. पुढे धुरासाठी नळी, दाराला कडी, चेहरा भाजू नये म्हणून लावायची माती, बसायला आसने असे नियम एकेक करून वाढत गेलेले दिसतात. खोली लहान असेल तर आगटी एका बाजूला आणि मोठी असेल तर मध्यभागी, इतका बारकावा तिथे आहे.

'जन्ताघर' या शब्दावरून वाद आहे. जर्मन प्राच्यविद्यापंडित ब्यूलर यांनी तो 'यंत्रगृह', म्हणजे तेलघाण्याची जागा, याच्याशी जोडला. दुसरे जर्मन पंडित हार्डी यांनी त्याचे नाते चरकाच्या 'जेन्ताक'शी लावले. ध्वनिनियमांच्या दृष्टीने ब्यूलर यांची वाट सरळ आहे; 'य'चा 'ज' होणे प्राकृतात नित्याचे. पण अर्थाचा सांधा जुळत नाही, कारण विनयातील वर्णनात घाणा कुठेच नाही, आगटी आहे. 'जेन्ताक' या शब्दाला संस्कृतात समाधानकारक धातू सापडत नाही. तेव्हा लोकभाषेतला एकच शब्द एकीकडे पालीत आणि दुसरीकडे वैद्यकात शिरला असावा, हे अनुमान अधिक पटते.

जेन्ताक हा भारतीय सॉना होय, असे विधान अलीकडे वारंवार केले जाते. साम्य आहेच : कोरडी उष्णता, कडेचे ओटे, धूर गेल्यावरचा प्रवेश. एस्टोनियातील व्होरूमा भागाच्या धुरी-सॉनातही (युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१४, फिनलंडची सॉना-संस्कृती त्याच यादीत २०२०) आधी आग, मग धूर बाहेर, मग माणूस आत असाच क्रम असतो. पण जेन्ताकाच्या वर्णनात दगडांवर पाणी टाकणे नाही, आणि सॉनात तेलाला स्थान नाही. स्वेदन हे आयुर्वेदात स्नेहनानंतरचे, म्हणजे तेल-तुपाच्या उपचारानंतरचे, पूर्वकर्म (मुख्य उपचाराआधीची तयारी) आहे. वमन-विरेचनाआधी (ओकारी व जुलाब देण्याआधी) दोष सुटे करणे हा त्याचा हेतू. मोठा फरक शेवटाला दिसतो. फिनलंडमध्ये बाहेर पडून तळ्यात उडी घेतात किंवा बर्फात लोळतात. चरक सांगतो : डोळ्यांच्या रक्षणासाठी एकदम थंड पाण्याला शिवू नये, थकवा व ताप शमल्यावर, मुहूर्तभराने, सुखोष्ण पाण्याने न्हावे आणि मग जेवावे. दोन्हींचा परस्परसंबंध दाखवणारा पुरावा नाही. आग, भिंत आणि माणूस एकत्र आले की इतपत सारखेपणा येणारच.

बडोद्यातील मराठी घरे : दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील जुन्या मराठी घरांत सॉना नव्हता, पण स्वेदन होते. त्याचे ठळक रूप म्हणजे बाळंतिणीची शेक-शेगडी. तेल चोळून, बंबातल्या कढत पाण्याने न्हाऊ घालून तिला सुंभाच्या बाजेवर निजवायचे आणि खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेप, वावडिंग टाकायचे. न्हाऊ घालणारी बाई आधी राख धरू देते, मग सुंभावर उलटा हात ठेवून चटका बसतो का ते पाहते आणि त्यानंतरच बाळंतिणीला आडवी करते. या प्रकाराची तुलना सहसा कुटीस्वेदाशी केली जाते, कारण चरकाच्या कुटीतही शय्येभोवती 'हसन्तिका', म्हणजे शेगड्या मांडलेल्या असतात. परंतु कुटी बिनझरोक्याची व जाड भिंतींची असते आणि शेगड्या सभोवार असतात. खाली गोवऱ्या जाळून, त्या निर्धूम झाल्यावर वर खाट ठेवायची, हा होलाकस्वेद. शेक-शेगडी त्याच्या अधिक जवळची आहे. दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बाळाला धुरी देण्यास बालरोगतज्ज्ञांचा विरोध असतो, आणि तो रास्त आहे.

सर्दीपडशात घेतला जाणारा वाफारा (शेजारची गुजराती घरे त्याला 'नास' म्हणतात) सर्वांना ठाऊक आहे.

अग्नीवाचून होणारे दहा स्वेदही चरकाने दिले आहेत. त्यांत व्यायाम, जड पांघरूण, भूक, भय, क्रोध आणि आतप, म्हणजे ऊन, यांचा समावेश आहे. व्यायामस्वेदाच्या दृष्टीने बडोद्याचे महत्त्व मोठे आहे. राजरत्न माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर इथलेच, आणि द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोशही १९३६पासून इथूनच निघू लागला. आखाड्यात तेल-मालीश, मग मेहनत, मग घाम, मग विसावा, मग स्नान हा क्रम चरकाच्या क्रमाशी जुळतो. आतपस्वेद मे महिन्यातल्या बडोद्यात न मागता मिळतो.

रचना : घरात सॉना बसवताना अडचण येते ती विजेची. ढोबळ हिशेब असा, की खोलीच्या दर घनमीटरला एक किलोवॉट शक्ती लागते. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच खोलीला सुमारे ६ किलोवॉटचा हीटर हवा. २३० व्होल्टवर तो २६ अँपिअर ओढतो. गीझरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर हे चालत नाही. मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) आणि अर्थिंग लागते, आणि घराचा मंजूर भारही तपासावा लागतो. दार बाहेर उघडणारे असावे, त्याला कडी-कुलूप नसावे. हीटरजवळ खाली हवा आत येण्याची आणि समोरच्या बाजूला ती बाहेर जाण्याची फट ठेवतात. लाकूड कमी राळेचे, गाठी नसलेले घेतात, कारण तापलेली राळ अंगाला चिकटून भाजते. खिळ्यांची डोकी आत बुडवलेली असावीत. दगड हीटरसोबत मिळणारेच वापरावेत. नदीतून उचललेल्या गोट्याच्या पोटात ओल असेल तर तो तापून फुटतो.

पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत सॉना बिघडतो का, असे विचारले जाते. आत तो बिघडत नाही. ३२ अंश तापमानाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ८५ अंशांपर्यंत तापवली, की तीच आर्द्रता सहा-सात टक्क्यांवर येते. फिनलंडच्या हिवाळी हवेत याच तापमानाला ती एक टक्क्याहूनही कमी भरते. म्हणून इथे दगडांवर पाणी कमी टाकावे. तिथल्या तीन डवल्यांचे काम इथे एकात होते. खरी गैरसोय बाहेर आल्यावर होते. घाम वाळला तरच अंग निवते, आणि श्रावणातल्या हवेत तो वाळत नाही. पंख्याखाली बसून, कोमट पाण्याने अंग धुऊन, घाम थांबेपर्यंत स्वस्थ राहावे. चरकाचा मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, इथे चपखल बसतो.

वापर : नवख्याने खालच्या बाकावर बसावे. वरचा बाक त्याहून २०-३० अंश अधिक तापलेला असतो. पहिल्या खेपेस ५ ते १० मिनिटे पुरेत. सवयीनंतरही एका वेळेस १५-२०च्या पुढे जाऊ नये. आत जाण्यापूर्वी बांगड्या, मंगळसूत्र, करदोट्याची चांदी, चष्मा काढून ठेवावा. धातू कातडीच्या आधी तापतो. जेवल्याजेवल्या जाऊ नये. एका बैठकीत अर्धा लिटरच्या आसपास घाम जातो, तेवढे पाणी आधी-नंतर मिळून प्यावे. लिंबू-मिठाचे पाणी किंवा ताक चालते. उठताना एकदम उभे राहू नये. किती वेळ टिकतो याची पैज लावू नये : फिनलंडमधील हैनोला येथे १९९९पासून भरणारी जागतिक सॉना स्पर्धा २०१०मध्ये अंतिम फेरीतील एका स्पर्धकाच्या मृत्यूनंतर बंद झाली. तिथे तापमान ११० अंश ठेवलेले होते.

परिणाम व निषेध : उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी मिनिटाला १०० ते १५०पर्यंत जाते, रक्तदाब नंतर उतरतो. हृदयाला भरभर चालण्याइतके काम पडते, स्नायूंना पडत नाही. पूर्व फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारे २० वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अकस्मात मृत्यूचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळले. ही निरीक्षणात्मक पाहणी आहे. जो मुळात धडधाकट आहे तोच रोज सॉनात जाऊ शकतो, ही शंका तिच्यातून पूर्ण जात नाही. शिवाय ती फिनिश पुरुषांची आहे. सांध्यांचा ताठरपणा व स्नायूंचे दुखणे तात्पुरते कमी होते, झोप बरी लागते. घामावाटे शरीरातील विषे निघून जातात या जाहिरातीत मात्र तथ्य नाही. घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ. ते काम यकृत व मूत्रपिंडे करतात. काट्यावर घटलेले वजन दोन पेले पाण्यात परत येते.

कोणी टाळावे याची चरकाची यादी आजच्या यादीशी बरीच जुळते : गर्भिणी, नित्य मद्य घेणारे, रक्तपित्ताचे (अंगातून रक्त जाण्याच्या विकाराचे), अतिसाराचे व मधुमेहाचे रुग्ण. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत शरीर अति तापल्यास गर्भाच्या मज्जानलिकेत (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात) दोष राहण्याचा धोका असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांत उष्णतेने औषध लवकर शोषले जाऊन साखर अचानक उतरू शकते, आणि पायांची संवेदना मंदावलेल्यांना चटका कळत नाही. सॉनातील अपघाती मृत्यूंत मद्याचा वाटा मोठा आहे. गुजरातेत हा प्रश्न निदान कागदोपत्री उद्भवत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीतले दुखणे अस्थिर असलेल्यांनी आणि महाधमनीची झडप फार अरुंद झालेल्यांनी सॉनात जाऊ नये. वृषण, हृदय आणि डोळे यांना स्वेद द्यायचाच झाला तर सौम्य द्यावा, नाहीतर देऊच नये, असे चरक म्हणतो. यांतील पहिल्याबाबत आधुनिक निरीक्षणही तसेच आहे : नियमित सॉनाने शुक्राणूंची संख्या घटते आणि सॉना थांबवल्यावर काही महिन्यांत ती पूर्ववत होते.